कार्डिफमध्ये दहि लागत नाहि

वरच्या शीर्षकात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत आणि त्या माझ्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते. कराडच्या एका हायस्कुलात मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. मुलं माझ्यामागे मला ‘वेलांटीबाई’ म्हणायची आणि मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तर या दोन्ही वेलांट्या माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या आहेत. तो पंचवीस वर्षं कार्डिफला राहतो, तिथल्या कौन्सिलमध्ये पुलांचा इंजिनियर आहे, आणि पूल त्याने आजवर एकही चुकवला नसला तरी वेलांटी एकही बरोबर दिलेली नाही.

मी सात आठवडे त्याच्याकडे राहून आले. इथे परतल्यावर जो तो विचारतो, “काय काय पाहिलंत? राजवाडा पाहिला का?” लंडन मी विमानाच्या खिडकीतून पाहिलं, तेही ढग आडवा आल्यामुळे अर्धंच. बाकी सगळा वेळ मी दादाकडे बघत होते. बोलावणंच तसं होतं.

दादाला लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. दोनदा केमो झाली, दोन्ही वेळा तो गेल्यासारखा करून परत आला. आता डॉक्टरांनी नवा उपाय काढला होता. दादाच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी काढून घ्यायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सरची पेशी ओळखायला शिकवायचं, त्यांची संख्या वाढवायची आणि त्याच्याच अंगात परत सोडायच्या. नियम असा की घरी सोडल्यावरही पहिले काही आठवडे पेशंटजवळ चोवीस तास कोणीतरी हवं. मीनलवहिनी फार्मसीत नोकरीला, त्यांची मुलगी रेवा युनिव्हर्सिटीत शिकणारी. म्हणून दादाचा फोन आला.

“सुमे, येतेस का? काम काही नाही. माझ्याकडे बघत बसायचं आणि काही चुकलं तर सांगायचं. लहानपणापासून माझ्या चुका काढतेस, आता डॉक्टरांच्या परवानगीने काढ.”

मी “येते” म्हटलं आणि फोन ठेवल्यावर माळ्यावरची बॅग काढली.

उणे आठ

हॉस्पिटलचं कॅलेंडर निराळं असतं. पेशी ज्या दिवशी अंगात सोडतात तो शून्य दिवस. आधीचे दिवस उणे, नंतरचे अधिक. मी पोचले तेव्हा उणे आठ होतं आणि मला वाटलं की ते तापमान सांगतायत.

“आत्या, बाहेर सहा आहे. प्लस सहा,” रेवा म्हणाली. ही माझी भाची, वय वीस, जन्म तिथलाच. मराठी बोलते हे कौतुकाचं, पण लिंगाच्या बाबतीत फार उदार आहे. स्टेशनवर मला बघून आनंदाने ओरडली, “आत्या, तुझा बॅग किती मोठा आहे!”

“मोठी,” मी म्हटलं.

“हो ना, खूप मोठा!”

गाडीतून घरी जाताना रस्त्यावर ठिकठिकाणी पांढऱ्या रंगात भली मोठी रोमन अक्षरं रंगवलेली दिसली. मी जोडून वाचलं, ‘अराफ’. एका वळणावर, पुढच्या वळणावर, शाळेच्या फाटकापाशी.

“दादा, हा अराफ कोण? इथला आमदार का?”

दादा पुढच्या सीटवर बसला होता. केमोने केस गेलेले, गळ्याभोवती वहिनींनी दोन मफलर गुंडाळलेले. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. “अगं, ‘हळू’! वेल्शमध्ये ‘हळू चला’ असं लिहिलंय. आणि एका ‘एफ’चा उच्चार ‘व’ करतात. अराव.”

“मग ‘व’ लिहायचा ना!”

“झालं,” दादा वहिनींना म्हणाला, “सुमी उतरून अर्धा तास नाही झाला आणि तिने अख्ख्या वेल्सचं शुद्धलेखन तपासायला घेतलं.”

सामानात मी विरजण आणणार होते. दह्यात भिजवून वाळवलेला रुमाल नेला की जगात कुठेही दही लावता येतं, असं माझ्या सासूबाई सांगत. पण आमच्या ह्यांनी बॅग भरताना तो रुमाल काढून घेतला. “दुधाचं काही नेता येत नाही. तिथल्या कस्टमवाल्याला तू रुमालाचा अर्थ समजावून सांगणार का?” म्हणून मी लाल मिरच्या देठांसकट नेल्या. कोमट दुधात मिरचीची देठं टाकली की दही लागतं. कराडला लागतं.

पहिल्याच संध्याकाळी वहिनींच्या स्वयंपाकघरात दूध कोमट केलं, देठं टाकली, झाकण ठेवलं. सकाळी बघते तर दूध होतं तस्संच. वर तरंगणारी देठं तेवढी जास्त उदास दिसत होती. तिथे घर गरम करायचं यंत्र सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास चालतं. मधल्या वेळात स्वयंपाकघरात माणूसही टिकत नाही, तर दही काय लागणार.

“सुमे,” दादा पातेल्यात डोकावून म्हणाला, “कार्डिफमध्ये दही लागत नाही. लिहून घे.”

ते वाक्य पुढे कोणाला किती वेळा लिहावं लागणार आहे, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

उणे सहा

हॉस्पिटलात आमची भेट बेथनशी झाली. बेथन ही या उपचाराची खास नर्स. चाळिशीची, गुबगुबीत, गालावर खळी. खोलीत शिरताच ती दादाला म्हणाली, “बोरे दा!” मला वाटलं, बाई आपल्या भावाला ‘दा’ म्हणते, किती आपुलकी! फक्त आमचं आडनाव बोरे नाही, हे तिला कसं सांगावं याचं मी इंग्रजी जुळवत होते. माझं इंग्रजी व्याकरणशुद्ध असतं, पण तयार व्हायला वेळ घेतं. तेवढ्यात दादा कानाशी म्हणाला, “गुड मॉर्निंग म्हणतेय. वेल्शमध्ये.”

मग तिने सगळं समजावून सांगितलं. दादाच्या पेशी दोन महिन्यांपूर्वी काढून प्रयोगशाळेत पाठवल्या होत्या, त्या आता गोठवलेल्या स्थितीत परत आल्या होत्या. मधल्या काळात आजार फार वाढू नये म्हणून औषधं दिली होती. कारण आजार जितका कमी, तितकं या पेशींचं काम सोपं. आता तीन दिवस हलकी केमो देऊन अंगात जागा करायची. मग पेशी सोडायच्या.

मी विचारलं, “हमखास गुण येईल ना?”

बेथनने खुर्ची जवळ ओढली. “हमखास मी कुणालाच म्हणत नाही. काही जणांचा आजार जातो आणि गेलेलाच राहतो. काहींचा जातो आणि परत येतो. काहींना लागूच पडत नाही. पेशी मुळात किती दमदार आहेत त्यावर आहे. तुझ्या भावाच्या पेशींनी दोन केमो सोसल्या आहेत, त्या जरा दमलेल्या असणार. त्या आत जाऊन वाढतात किती, टिकतात किती, यावर आहे. कधी कॅन्सरची पेशीच आपली ओळखीची खूण टाकून देते आणि मग यांना ती दिसत नाही.”

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. “म्हणजे विरजण!”

वहिनी म्हणाल्या, “सुमनताई, नंतर बोलू या का?”

पण आता मी वर्गात उभी होते. शक्य तेवढ्या शुद्ध इंग्रजीत मी बेथनला सांगितलं: विरजण जुनं, थकलेलं असलं की दही लागत नाही. दूध फार गार चालत नाही, फार गरमही चालत नाही. भांडं आधी स्वच्छ हवं. आणि चमचाभर विरजण पुरतं, वाढायचं ते आतच वाढतं.

बेथनने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माझी आजी शेतावर चीज करायची. तिचंही हेच म्हणणं. फक्त दह्याला कधी ताप येत नाही. याला येणार.”

“वा,” दादा मला म्हणाला, “इतक्या लोकांनी इतकी वर्षं संशोधन केलं, ते आमच्या सुमीने एका पातेल्यात बसवलं.”

त्याच पातेल्यातली एक गंमत लगेच कळली. बेथनने खाण्याचे नियम सांगितले: कच्चं काही नाही, आणि घरी लावलेलं दही तर अजिबात नाही. त्यातले जिवंत जंतू सोसायची ताकद दादाकडे काही दिवस नसणार. ज्याच्यासाठी मी देठं मोजून आणली होती, त्यालाच ते चालणार नव्हतं. मी हे ऐकलं आणि घरी जाऊन पुन्हा दही लावलं. काही गोष्टींत माणूस पेशंटसाठी थांबत नाही.

त्याच दिवशी ते वाक्य ठरलं. या पेशी लढायला लागल्या की कधी कधी मेंदूवर धुकं येतं. ते लवकर ओळखायचं म्हणून रोज पेशंटला प्रश्न विचारतात: साल कोणतं, महिना कोणता, तू आहेस कुठे, हे पेन, हे घड्याळ, शंभरपासून दहा-दहाने उलटं मोज. आणि रोज एक वाक्य लिहून घेतात, तेच ते. अक्षर बिघडलं तर धुकं आलं.

दादाने इंग्रजीत एक वाक्य खरडलं आणि कागद बाजूला सारला. “खरं सांगू? हे मी झोपेतही लिहीन. सहीसारखं. यात डोकं लागतच नाही.”

बेथन म्हणाली, “मग तुझ्या घरच्या भाषेत लिही. माझ्या आईला शेवटी इंग्रजी यायचं बंद झालं होतं, ती वेल्शमध्येच आजारी होती. तुझी अक्षरं मला वाचता येणार नाहीत, पण कालच्याशी ताडून बघता येतील. आणि वाचायला ही आहे की.” ही म्हणजे मी.

दादाने माझ्याकडे मिस्किलपणे बघितलं आणि कागदावर लिहिलं:

*कार्डिफमध्ये दहि लागत नाहि.*

दादाची लिहायची पद्धत शाळेपासून तशीच आहे. आधी सगळी अक्षरं बोडकी काढायची आणि मग एका दमात, शब्दांमधल्या जागांची पर्वा न करता, वरून लांबलचक रेघ ओढायची. “आधी खांब, मग गर्डर,” असं तो दहाव्या वर्षी म्हणाला होता. पुढे तो पूलच बांधायला लागला, यात आश्चर्य नाही.

“ओ, लव्हली!” बेथन म्हणाली. “दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं दिसतं!”

“दही दीर्घ,” मी म्हटलं. “नाहीसुद्धा दीर्घ.”

“पेशंटला त्रास देऊ नये,” दादा म्हणाला.

बेथनने काय चाललंय ते विचारलं. कळल्यावर तिने बोट उगारलं, अगदी मी वर्गात उगारायचे तसं. “दुरुस्त करायचं नाही हं. तो जसा आहे तसाच मला हवा.”

शून्य

नेमकी मार्चची पहिली तारीख आली. वेल्सच्या संताचा दिवस. रस्त्यात शाळेच्या मुली उंच काळ्या टोप्या आणि लाल शाली घालून चालल्या होत्या. एका आजोबांनी कोटाला कांद्याच्या पातीसारखी जाडजूड भाजी टाचली होती. मला वाटलं, मंडईतून येताना अडकली असेल. पण रेवा म्हणाली, तो लीक, राष्ट्रीय खूण आहे. आपल्याकडे कुणी छातीवर मेथीची जुडी लावून निघालं तर बायकोच काढून निवडायला बसेल.

वॉर्डात फुलांना बंदी. म्हणून बेथनने लोकरीने विणलेलं पिवळं डॅफोडिल लावलं होतं.

मी आपली मनाची तयारी करून बसले होते. एवढा मोठा प्रसंग, काहीतरी होईल, यंत्रं येतील. आम्ही वाट बघत होतो आणि दारात उभी असलेली रेवा ओरडली, “आत्या, पेशी आला!”

“आल्या,” मी म्हटलं. तोंडातून गेलंच.

तळहाताएवढी पिशवी होती. त्यांनी ती कोमट पाण्यात धरून आतलं गोठलेलं वितळवलं, दोघांनी नाव दोनदा वाचून खात्री केली आणि नळीला लावली. खोलीभर उकडलेल्या मक्याचा वास पसरला. गोठवताना जे घालतात त्याचा म्हणे. वहिनी दादाचा हात धरून बसल्या होत्या. मी मनात स्तोत्र म्हणायला लागले आणि निम्म्यात पोचायच्या आत पिशवी संपली.

“झालं?” मी विचारलं.

“झालं,” बेथन म्हणाली. “आता झाकण उघडून बघायचं नाही.”

अधिक तीन

ताप आला. जोरात आला. दादा थरथरत होता, वहिनींचा चेहरा उतरला होता, आणि बेथन सांगत होती की ताप येणं म्हणजे पेशी कामाला लागल्याचं चिन्ह असू शकतं. पण फार चढू द्यायचा नाही. त्याचं औषध तयार होतं, ते दिलं. बेथनला काही आणायला सांगितलं की ती म्हणायची, “नाऊ इन अ मिनिट!” म्हणजे ‘आत्ता’ का ‘एका मिनिटाने’, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मग लक्षात आलं की आपणही ‘आलेच आत्ता’ म्हणतो आणि अर्ध्या तासाने येतो. तेव्हापासून मला वेल्स परदेश वाटेनासा झाला.

दुपारी ताप उतरल्यावर वहिनींनी मला आणि रेवाला बळंच बाहेर काढलं. “जा, सुमनताई, समुद्र तरी बघून या. तुम्ही त्यांच्याकडे असं टक लावून बघता की त्यांना परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.”

आम्ही पेनार्थला गेलो. राखाडी समुद्र, लांब लाकडी धक्का, आणि वारा असा की साडीची पिन मी तीन वेळा बदलली. किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे. रेवाने मला कागदात गुंडाळलेले गरम चिप्स घेऊन दिले, त्यावर व्हिनेगर. बटाट्यावर व्हिनेगर घालणाऱ्यांविषयी माझी काही मतं होती. ती पहिल्या चिपनंतर मी मागे घेतली. दुसरी तोंडात घालणार तोच मागून एक पांढरा, कोंबडीएवढा पक्षी झेपावला आणि माझ्या हातातून पुडकंच घेऊन गेला. मी मराठीत जे ओरडले ते इथे लिहिता येणार नाही.

“आत्या,” रेवा पोट धरून हसत होती, “सीगल घाबरली!”

“घाबर...” मी सुरुवात केली आणि सोडून दिलं. सीगल बाई का पुरुष, ते मलाही ठरवता येईना.

परत आल्यावर दादाला हकिगत सांगितली. तो तापातही हसला. त्या दिवशीचं वाक्य लिहिताना त्याचा हात कापला, गर्डर किंचित वाकडा झाला. पण होता.

अधिक सहा

हा दिवस मी लवकर लिहून टाकते.

सकाळी ताप नव्हता. दादा शांत होता, जरा जास्तच शांत. बेथनने प्रश्न विचारले. साल सांगितलं. महिना सांगितला. शहर सांगितलं. पेन ओळखलं. शंभर, नव्वद, ऐंशी, सगळं शून्यापर्यंत आलं, सावकाश पण आलं. मग कागद दिला. त्याने लिहिलं आणि पेन ठेवलं.

“लव्हली,” बेथन म्हणाली आणि कागद माझ्याकडे दिला. “कसं आहे?”

एकतीस वर्षांची सवय अशी जात नाही. माझी नजर थेट वेलांट्यांवर गेली. ‘दहि’ ऱ्हस्व. ‘नाहि’ ऱ्हस्व. जसं चुकायला हवं तसंच चुकलं होतं. “ठीक आहे” असं मी म्हणणार होते. अक्षरं टपोरी, एका ओळीत, सुबक होती. कदाचित रोजच्यापेक्षाही सुबक.

आणि मग दिसलं. वर रेघ नव्हती.

अक्षरं नुसतीच उभी होती. खांब होते, पूल नव्हता.

“दादा,” मी म्हटलं, “रेघ राहिली.”

“कसली?”

“गर्डर.”

त्याने कागदाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. अगदी सभ्यपणे, जसं स्टेशनवर पत्ता विचारणाऱ्या बाईकडे बघावं तसं. 

मी पिशवीतून आधीचे सगळे कागद काढून बेथनपुढे पलंगाच्या टेबलावर मांडले. एकेकावर बोट ठेवत म्हटलं, “लाइन. लाइन. लाइन.” आणि शेवटच्यावर, “नो लाइन.” एवढं अशुद्ध इंग्रजी मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

बेथनने एकदाच कागदांवरून नजर फिरवली. तिने डॉक्टरांना फोन लावला. ती ‘नाऊ इन अ मिनिट’ म्हणाली नाही. नुसतं ‘नाऊ’ म्हणाली.

डॉक्टर आले, त्यांनी पुन्हा प्रश्न विचारले. तोपर्यंत दादा घड्याळाला काय म्हणतात ते शोधायला लागला होता. औषध लगेच सुरू झालं. बेथन मला बाहेरच्या खुर्चीवर घेऊन गेली आणि म्हणाली, लवकर सापडलं, हे असं होतं, बहुतेकदा यातून बाहेर येतात. मग तिने मला मिठी मारली. त्याला तिथे ‘कुच’ म्हणतात. मिठी आणि उबदार कोनाडा, दोन्हींना एकच शब्द. आम्ही कराडला नर्सच्या गळ्यात पडून रडत नाही. मी पडले. तिचं विणलेलं डॅफोडिल माझ्या चष्म्याला टोचत होतं.

अधिक नऊ

सातव्या दिवशी त्याने फक्त ‘कार्डिफ’ लिहिलं आणि थकला. आठव्या दिवशी वाक्य पूर्ण झालं आणि पहिल्या शब्दावर आखूडशी रेघ आली. मी आणि वहिनी त्या रेघेकडे असं बघत होतो, जसं बाळाच्या पहिल्या दाताकडे बघतात.

नवव्या दिवशी मी वॉर्डात शिरले तर दादा उशीला टेकून बसला होता. बेथनच्या हातातून त्याने कागद घेतला, अक्षरं काढली, पेन डावीकडे नेलं आणि एका दमात, कागदाच्या कडेपर्यंत, जरा पुढे टेबलावरसुद्धा, रेघ ओढली.

“पूल वाहतुकीला खुला,” तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, “सुमे, तू रडतेस का? दोन वेलांट्यांसाठी इतकं?”

वहिनी हसल्या, रेवा हसली, बेथनला काही कळलं नाही तरी तीही हसली. मी तिला विचारलं, आता गुण येणार ना? ती म्हणाली, “हा अडथळा पार झाला. आजाराचं काय झालं ते स्कॅनमध्ये कळेल. तोवर झाकण बंद.”

अधिक अठ्ठावीस, आणि थोडं पुढे

पंधराव्या दिवशी दादा घरी आला. त्याला गाडी चालवायची परवानगी नव्हती, त्यामुळे शेजारी बसून तो वहिनींना अराव, अराव म्हणत राहायचा. रोज दोनदा ताप मोजायचा, एक वाक्य लिहायचं आणि ऊन असलं तर तळ्यापर्यंत चालायचं. रॉथ पार्कचं तळं फार देखणं आहे. एका टोकाला पाण्यात उभा पांढरा शुभ्र दीपस्तंभ, भोवती हंस, आणि काठावर डॅफोडिलचे इतके ताटवे की कुणीतरी हळदीचं पोतं सांडलंय असं वाटावं. पहिल्या दिवशी दादा एका बाकापर्यंत गेला. मग दोन बाकं. मग पूर्ण तळं, मध्ये चार वेळा बसून. बाकावर बसलं की बाजारातून आणलेले, तव्यावर भाजलेले छोटे वेल्श केक खायचे. आपल्या गोड दशमीचे ते चुलतभाऊ, फक्त त्यात मनुका.

आणि माझं दही? सात वेळा लावलं, सात वेळा फसलं. शेवटी रेवा म्हणाली, “आत्या, तू सारखी उघडून बघते ना, म्हणून.” खरं होतं. दर तासाला मी झाकण उचलून बोट घालत होते. तिने मला दुसरी गोष्टही सांगितली. तिथल्या घरात गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं, त्यात टॉवेल वाळवतात. सगळ्या घरात तेवढीच जागा कायम उबदार. वहिनींनी जवळच्या एका गुजराती काकूंच्या दुकानातून वाटीभर ताजं दही आणलं. माझी देठं बिचारी दमली होती, हे मी मान्य केलं. स्कॅनचा निकाल सांगायला बोलावलं होतं, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी विरजण लावलं, पातेलं टॉवेलांमध्ये ठेवलं आणि रेवाने कपाटाला खुर्ची लावून ठेवली.

सकाळी निघताना मी उघडलं नाही. तेवढं मी शिकले होते.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. जुन्या चित्रात मानेत, छातीत, पोटात दिवे पेटल्यासारखे ठिपके होते. नव्यात ते नव्हते.

“सध्या कुठेही आजाराची हालचाल दिसत नाही,” डॉक्टर म्हणाले. मग तेही बेथनसारखंच बोलले: पेशी टिकतात किती ते बघावं लागेल, तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन. वहिनींनी डोळे पुसले आणि लगेच पर्समधून पुढच्या तारखेसाठी पेन काढलं. दादा पडद्याकडेच बघत होता. म्हणाला, “चांगलं तपासलंय ना? सगळे जोड बघितलेत ना?” बेथन दाराशी उभी होती. तिने मला बोटाने झाकण उघडल्याची खूण केली.

घरी आलो. खुर्ची हलवली. पातेलं बाहेर काढलं. रेवाने ते जरासं कलतं केलं. पांढरं, घट्ट, हललंसुद्धा नाही. मी त्यात चमचा घातला तर सुरीने कापल्यासारखी कड पडली.

“ऑसम!” रेवा म्हणाली. वहिनींनी तिथेच कपाटासमोर उभं राहून साखर घालून खाल्लं. मी तीन वाट्या खाल्ल्या. दादाला अजून परवानगी नव्हती. तो सोफ्यावर बसून आमच्या तोंडाकडे बघत होता.

“वास तरी द्या,” तो म्हणाला. मी वाटी त्याच्या नाकाखाली धरली. त्याने डोळे मिटून वास घेतला आणि हात पुढे केला. “कागद आण, सुमे. आजचं वाक्य राहिलंय.”

मी कागद दिला. त्याने आधी खांब उभे केले, मग एका दमात गर्डर टाकला:

*कार्डिफमध्ये दहि लागलं.*

मी पर्समधून लाल पेन काढलं. ते मी कराडहून नेलं होतं, सवयीने. दादा खोडकरपणे वाट बघत होता. मी कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, दहापैकी दहा, आणि खाली सही केली.

रेवा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिने भुवया उंचावल्या. “आत्या, ‘दही’चा वेलांटी चुकला ना?”

“नाही गं,” मी म्हटलं, “बरोबर आहे.”